सिंदफणेच्या धारेला

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या सिंदफणेला खरी धार असते. त्याआधी ती गढूळ, अंगावर येणारी. त्यानंतर डबक्याडबक्यांत तुटलेली. मधल्या या तीन-साडेतीन महिन्यांत मी रोज पहाटे नदीत उतरतो. 1994 पासून दुष्काळाची वर्षं सोडली तर यात खंड नाही. सामान थोडं आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब, हाताच्या पंजाएवढ्या दोन फळ्या, सहा फुटी कळकाची काठी, तंगूस, गळ आणि पाण्यावर तरंगणारं भेंड. घरात जाळीही आहेत. जाळ्याशिवाय भोयाच्या घरची चूल पेटत नाही, आणि धरणाच्या फुगवट्यावर मीही ती टाकतो. पण धरणाच्या खाली, वाहत्या पाण्यात, मी काठीच धरतो. ही सवय आबांची, माझ्या वडिलांची.

ट्यूब मिळण्याचा आमच्याकडं एक हंगाम असतो. दसऱ्याच्या सुमाराला निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्याकडं निघतं. ऊसतोडीच्या टोळ्या जाण्याआधी मुकादम ट्रॅक्टर दुरुस्तीला लावतात, टायर-ट्यूबा बदलतात. त्या वेळी पंक्चरवाल्याकडं जुनी ट्यूब स्वस्तात मिळते. तिला चार-पाच ठिगळं असतातच. मी ती आधी हौदात दाबून बुडबुडे पाहतो, मग मध्ये नवारीची पट्टी विणून बसायला जागा करतो. गाव रिकामं व्हायला लागतं तेव्हा माझं काम सुरू होतं. शाळेत असताना मला याची लाज वाटायची. सगळ्यांचे आई-बाप ऊसतोडीला आणि आमचे नदीवर. आता वाटतं, त्या धारेमुळंच आम्हा भावंडांची शाळा मधेच सुटली नाही.

सिंदफणा पाटोद्याकडं बालाघाटाच्या डोंगरात उगवते, बीड शहरातून येणारी बिंदुसरा पोटात घेते, माजलगावला धरणात अडते आणि पुढं मंजरथला गोदावरीला मिळते. माजलगावच्या धरणात फक्त तिचं पाणी नसतं. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्यानंही पाणी येतं. त्यामुळं आमच्या भागात पाऊस कमी झाला तरी नाशिककडं झाला असेल तर धरण थोडंफार धरतं. पण धरणाखालच्या नदीचं तसं नाही. दरवाजे उघडले तर ती वाहते, नंतर पाझरावर आणि शेतांतून येणाऱ्या निथळावर तगते. मी ज्या पाण्यात काम करतो ते असं दुसऱ्यांनी सोडलेलं पाणी आहे.

ट्यूबवर बसून गळ टाकणं काठावरून टाकण्यापेक्षा वेगळं काम आहे, आणि ते कळायला मला दोन हंगाम लागले. काठावर माणूस थांबलेला असतो आणि पाणी जातं. भेंड धारेबरोबर पुढं सरकतं, तंगूस ताणतो आणि खालचा चारा आडवा ओढला जातो. माशाला ते लगेच कळतं. नदीत वाहत आलेला किडा असा कधी चालत नाही. ट्यूबवर मी स्वतः धारेत असतो. भेंड माझ्यापुढं दोन-तीन हातांवर, मी त्याच्या मागं, आणि दोघांचा वेग एकच ठेवायचा. मी पुढं गेलो तर फळी उलटी दाबायची, मागं राहिलो तर एक हलका हात मारायचा. तंगुसाला किंचित ढील हवी, पण पोट पडू द्यायचं नाही. हे जमलं की चारा पाण्याबरोबर पाण्यासारखाच जातो. त्यात मैल-दीड मैल नदी कधी सरली ते कळत नाही.

मासा बसतो कुठं तेही पाण्यावरून ओळखायचं. मोठा कातळ धारेत आला की त्याच्या मागं पाणी संथ होतं, आणि दोन्ही बाजूंनी धार जाते. संथ पाणी आणि धार जिथं एकमेकांना लागतात तिथं एक बारीक रेघ दिसते, कापडाच्या शिवणीसारखी. कधी त्या रेघेवर फेस असतो, कधी बाभळीची पिवळी फुलं. मासा त्या शिवणीच्या आत, संथ बाजूला तोंड वर करून उभा असतो. त्याला जोर लावावा लागत नाही आणि धारेनं आणलेलं खाणं तोंडापुढून जातं. भेंड त्या रेघेवरून न्यायचं. हातभर आत गेलं तर फिरत बसतं, हातभर बाहेर गेलं तर निघून जातं.

आबांचं भेंड खऱ्या भेंडाचं असायचं. ज्याची बाशिंगं करतात तेच. लग्नसराई संपली की बाशिंग करणाऱ्याकडून ते कांडी मागून आणत. पुढं ते मिळेना. मग मी फाटक्या चपलेच्या रबराची भेंडं कापली, थर्माकोलची केली. सगळ्यांत चांगलं भेंड मोरपिसाच्या दांड्याचं होतं. नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात आहे. माझ्या मावशीचं गाव त्याच अंगाला. शेतात गळून पडलेली पिसं ती माझ्यासाठी ठेवायची. पिसाचा पांढरा दांडा हलका, सरळ आणि आतून भरीव असतो. नुसता श्वास लागावा तसा मासा लागला तरी तो हलतो. इंग्लंडमधले गळवाले शे-दोनशे वर्षांपासून मोरपिसाचं भेंड वापरतात हे मला फार उशिरा कळलं. पाटोद्याची मोरपिसं सोडून मी चपलेच्या रबरामागं इतकी वर्षं का होतो, असं तेव्हा वाटलं.

भेंड कसं हलतं त्यावरून मासा सांगता येतो. चिलापी असेल तर ते नाचतं, थांबतं, परत नाचतं. रोहू आधी एकदा नुसतं थरथरवतो आणि मग तिरकं घेऊन जातो. मृगळ तळाला चरतो. तो चारा उचलतो तेव्हा शिशाचं वजन तोच पेलतो आणि भेंड बुडायच्या ऐवजी वर येतं, आडवं पडतं. नवा माणूस ते पाहतच राहतो. वाम हळूहळू ओढत नेते आणि दगडाच्या कपारीत शेपटी गुंतवते. मग तंगूस तुटतो पण वाम निघत नाही. कटला वरच्या पाण्यातला. त्याचं तोंडच वर उघडणारं, म्हणून त्याला चारा फूट-दीड फुटावरच ठेवायचा. शिंगाडा लागला तर काढताना फडकं गुंडाळायचं. त्याच्या काट्यानं माझा अंगठा तीन दिवस ठणकत होता.

मरळीची गोष्ट वेगळी. भेंड सरळ खाली जातं, विहिरीत पोहरा जावा तसं. तिथं हात आवरायचा. चाऱ्याचा बेडूक तोंडात आडवा असतो, तो तिला फिरवून घेऊ द्यायचा. आबा मागून म्हणायचे, "थांब रं. घाई केलीस की तोंड फाटतंय. मासाबी जातोय आन् जखम घेऊन जातोय." मी मनात सात आकडे मोजायचो. आजही मोजतो.

मरळ माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महागडा मासा आहे, बाजारातही आणि मनातही. तिला हवेतला श्वास घेता येतो, म्हणून ती बाजारात पाण्याच्या टोपात जिवंत राहते आणि चिलापीच्या तिप्पट-चौपट भाव घेते. आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला आमच्याकडं मरळ देतात. मृगाला हैदराबादेत दम्याच्या रुग्णांच्या घशात मरळीचं जिवंत पिल्लू सोडतात. तिकडं जाणारी माणसं मराठवाड्यातूनही निघतात. तेव्हा मरळीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तेच आपल्याला शोधत येतं.

मी विशीत होतो तेव्हाची गोष्ट. श्रावण होता. फुगवट्याचं पाणी काठच्या बाभळीत शिरलं होतं. त्या बाभळींच्या मधोमध मला पाण्यावर एक नारिंगी डाग दिसला, ताटाएवढा. तो हलत होता आणि त्याच्यावर पावसाचे थेंब पडावेत तसं पाणी टिपटिपत होतं. पाऊस नव्हता. जवळ गेलो तर ती मरळीची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी. श्वास घ्यायला ती एकामागून एक वर येत होती, म्हणून ते टिपटिपणं. आणि त्यांच्या खाली, हातभर पाण्यात, एक काळी लांबट सावली संथपणे गोल फिरत होती.

पिल्लांपाशी आलेल्या कशावरही मरळ झडप घालते. पोटात भूक असो नसो. हे मला ऐकून माहीत होतं. मी बेडूक लावला आणि त्या नारिंगी डागाच्या मधोमध टाकला. भेंडाची गरजच पडली नाही. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. साडेतीन किलोची मरळ होती. मी ती नाचवत घरी आणली. आबा ओसरीवर जाळं विणत बसले होते. त्यांनी मासा पाहिला, कुठं मिळाला ते विचारलं आणि सुई खाली ठेवली. "आरं, हिला घेऊन आलास खरा," ते म्हणाले, "पर तिकडं तिची पोरं कुणी राखायची?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथं गेलो. बाभळीवर बगळे बसले होते, पाण्यात पाणकावळे बुड्या मारत होते. नारिंगी डाग कुठंच नव्हता. कडेच्या गवतात दहा-बारा पिल्लं दिसली, सैरावैरा. मरळीचे पैसे आईनं आधीच किराण्याला दिले होते. मी काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर आजवर पिल्लांवरच्या मरळीला गळ टाकलेला नाही.

परवा पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तो पुण्यात कंपनीत आहे. "तात्या, ही बघा तुमचीच मंडळी," म्हणाला. अमेरिकेतली एक नदी, गुडघाभर नितळ पाणी, आणि एक माणूस रबरी ट्यूबमध्ये बसून काठी धरून चाललेला. त्याची ट्यूब नवी, रंगीत, पाठ टेकायला गादी. पण त्या लोकांनीही सुरुवात ट्रकच्या जुन्या ट्यूबवरच केली होती, असं पुतण्यानं वाचून सांगितलं. तो माणूस दगडामागच्या शिवणीवरूनच भेंड नेत होता. मी आधीच सांगितलं, आता लागेल. लागला. मासा हिरवट-तपकिरी, अंगावर उभे पट्टे, पाण्याबाहेर उड्या मारणारा. स्मॉलमाउथ बास म्हणतात त्याला. तिकडं त्याच्यामागं वेडे झालेले लोक आहेत. त्या माणसानं मासा ओल्या हातानं धरला, गळ काढला आणि परत सोडून दिला.

सोडून देणं आम्हाला परवडत नाही, ते त्यांचं त्यांना. त्यातली दुसरी गोष्ट मात्र मला लागली. पुतण्यानं पुढं वाचलं की या बासचा नर तळातली वाळू-खडी शेपटीनं झाडून घरटं करतो आणि मादी अंडी घालून गेली की तोच अंडी आणि पिल्लं राखतो. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओच्या बऱ्याच भागात वसंतात बास धरायला बंदी असते. जूनच्या उत्तरार्धात, पिल्लं सुटी झाल्यावर, हंगाम उघडतो. हौसेनं गळ टाकणारी ती माणसं राखणीवरचा मासा धरत नाहीत. आबांनी ओसरीवर बसून जे एका वाक्यात विचारलं होतं, त्याचा तिकडं कायदा आहे.

आपल्याकडंही कायदा अगदीच नाही असं नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. तरी उन्हाळ्यात डोह आटले की कुठल्या तरी डोहावर सकाळी पांढरी पोटं तरंगताना दिसतात. पण माझं दुखणं त्या चोरट्या कामापेक्षा उघडपणे, हसतखेळत होणाऱ्या कामाबद्दल जास्त आहे. ते म्हणजे चढणीचे मासे.

पहिला मोठा पूर आला की मासा धारेच्या उलटा निघतो. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहतं गढूळ पाणी लागतं. गोदावरीतून मासा मंजरथला सिंदफणेत वळतो आणि वर येत येत धरणाच्या भिंतीपाशी थांबतो. भिंतीला माशांसाठी वाट ठेवलेली नाही. गोदावरीवरही पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल असे बंधारे आहेत. फराक्क्याचा बंधारा 1975 मध्ये सुरू झाल्यावर गंगेतली हिलसा वर जायची थांबली, तीच तऱ्हा. मासा भिंतीवर तोंड आपटत राहतो आणि त्या वेळी अख्खा तालुका तिथं उतरलेला असतो. मच्छरदाण्या, जुन्या साड्या, काठ्या, घमेली. मीही उतरत होतो. एका पावसाळ्यात आम्ही दोघा भावांनी एका दुपारी दोन पोती मासे भरले. आईनं चिरायला घेतले आणि गाभोळीनं परात भरली, मग दुसरी परात भरली. ती चिरता चिरता थांबली आणि नुसती परातीकडं बघत बसली.

पुढं मत्स्यबीजाच्या एका शिबिरात मला त्या परातीचा हिशेब कळला. रोहूच्या मादीत किलोमागं दोन-तीन लाख अंडी असतात. मरळीसारखी राखण तिला जमत नाही. ती अंडी धारेवर सोडते आणि जाते. पंधरा-अठरा तासांत ती फुटतात. म्हणजे त्या माशाला आपल्याकडून फक्त एक दिवस हवा असतो. तोच दिवस आपण भिंतीपाशी काढतो. त्याच शिबिरात हिरालाल चौधरींचं नाव ऐकलं. ओडिशात 10 जुलै 1957 ला त्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. म्हणून आज आपल्या धरणांत मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली अशी लहान-मोठी पिल्लं पिशव्यांतून आणून सोडता येतात. रोहू मुळात गंगेकडचा, तो असाच आपल्याकडं आला. 10 जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. माझ्या मनात त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण बोटुकली विकत आणायची आणि नदीतली आयती अंडी परातीत घालायची, हे माझ्या हिशेबात बसत नाही. वाम, शिंगाडा, मरळ यांची तर बोटुकलीही कुणी आणून सोडत नाही. ते नदीत जन्मले तरच आहेत.

2016 चा उन्हाळा ज्यांनी पाहिला त्यांना नदीत काय उरतं ते माहीत आहे. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं. ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून, त्याची भिंत आमच्याच जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला, आणि त्यात चिखल तडकलेला. सिंदफणेत तर त्या हंगामात धारच आली नव्हती. मी ट्यूब माळ्यावर टाकली आणि सेंटरिंगच्या कामाला गेलो. आमच्या गावाखाली एकच डोह राहिला होता, खोल कातळातला, त्यावर जांभळाची सावली. मी दर आठ दिवसांनी तो बघून यायचो. त्यात वामी होत्या, दोन-तीन शिंगाडे होते. सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. पुढच्या वर्षी आमच्या धारेत जे मासे लागले, ते मला वाटतं त्या एका डोहातून सुटलेल्यांचीच पोरं.

आता तो डोहही पहिल्यासारखा नाही. वाळू उपशानं नदीचा तळ खरवडला गेला आहे. जिथं कमरेएवढं पाणी होतं तिथं अचानक दोन पुरुष खोल खड्डा लागतो, आणि जिथं खडी-वाळूवर मासा चरायचा तिथं नुसता काळा कातळ आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका खड्ड्यावर माझी ट्यूब बाभळीच्या बुडालेल्या फांदीवर फाटली. पाय टेकतील म्हणून मी निर्धास्त उतरलो आणि थेट खाली गेलो. काठी सोडली म्हणून वाचलो. तेव्हापासून कमरेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधल्याशिवाय मी नदीत जात नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या पोरांनाही जाऊ देत नाही. भोयाच्या पोराला पोहता येतं, पण फक्त पोहण्यावर भरवसा ठेवू नये.

ती पोरं चार आहेत. दोघं ऊसतोडीला जायची, आता थांबली आहेत. त्यांना मी धार शिकवतो, शिवण दाखवतो, सात आकडे मोजायला लावतो. एक अट घातली आहे. पहिल्या पुरापासून ऑगस्ट सरेपर्यंत धरणाच्या भिंतीखाली कुणी उतरायचं नाही आणि नारिंगी डागावर गळ टाकायचा नाही. गेल्या पावसाळ्यात त्यातला एक जण गेला. मी बोललो नाही. चार दिवसांनी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "तात्या, बाकी सगळं गाव हुतं तिथं. मीच का न्हाई जायचं?" माझ्याकडं त्याला द्यायला उत्तर नव्हतं. सगळं गाव तिथं जातं कारण त्या दिवसांत सगळ्या बाजाराला तोच मासा हवा असतो.

म्हणून हे लिहितो आहे ते मासे धरणाऱ्यांसाठी कमी आणि खाणाऱ्यांसाठी जास्त. श्रावण पाळायचा म्हणून आपण आषाढातच भरपूर खाऊन घेतो. आखाडात माझ्या टोपाशी येणारं प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक विचारतं, "गाभोळीचा आहे का?" नेमके तेच दिवस माशाच्या चढणीचे. तुम्ही मागता म्हणून तो भिंतीखालून येतो. तेवढे सहा-सात आठवडे गाभोळीचा मासा मागू नका. पोट फुगलेली रोहू दिसली तर घेऊ नका, विकणाऱ्याला तसं तोंडावर सांगा. आखाडात मासा खायचाच असेल तर चिलापी घ्या. 1952 मध्ये ती परदेशातून आपल्याकडं आणली, वर्षातून अनेकदा विते, पिल्लं स्वतःच्या तोंडात सांभाळते आणि नदीतल्या इतर माशांची जागा खाते. ती आमच्याकडं बारा महिने मिळते, स्वस्त मिळते, आणि सिंदफणेतून जितकी कमी होईल तितकं बरंच आहे.